हॅमस्टरला शेपूट असतं का? आखूड-लांब शेपटांमागचा निसर्गाचा हिशेब

पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिंजऱ्यातला गुबगुबीत हॅमस्टर पाहिला की लहान मुलं हमखास विचारतात, "याचं शेपूट कुठंय?" मोठ्यांना वाटतं, हा बिनशेपटीचा उंदीर असावा, किंवा दुकानदाराने शेपूट कापून टाकलं असावं. दोन्ही समज चुकीचे आहेत. हॅमस्टरला शेपूट असतं. जन्मतःच ते इतकं आखूड असतं की केसांत दिसत नाही, एवढंच.

बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठेही गेलात तरी हॅमस्टर आता नवलाचा राहिलेला नाही. जागा कमी लागते, खर्च कमी, भुंकण्याचा त्रास नाही, म्हणून फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबं तो मुलांसाठी घेतात. पण प्राणी घरी येतो, त्याची माहिती येत नाही. मग त्याला उंदरासारखं शेपटीला धरून उचललं जातं, नाहीतर शेपटीखालचा ओलावा घाण समजून पुसला जातो आणि दोन-तीन दिवसांत पिंजरा रिकामा होतो. म्हणून शेपूट म्हणजे नेमकं काय, कुणाचं लांब आणि कुणाचं आखूड का, हे नीट समजून घेतलेलं बरं.

शेपूट म्हणजे कण्याचं टोक

शेपूट ही मागे चिकटवलेली दोरी नव्हे. मानेपासून निघालेला पाठीचा कणा जिथे संपतो, तो शेवटचा भाग म्हणजे शेपूट. त्यात मणके असतात, स्नायू असतात, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूही असतात. त्यामुळे शेपूट ओढणं, पिरगाळणं म्हणजे कण्यालाच हात घालणं.

याचा अनुभव माणसालाही आहे. ओल्या फरशीवरून घसरून जो बसकण मारतो, त्याला माकडहाड कुठे असतं ते सांगावं लागत नाही. तीन ते पाच छोटे मणके जुळून बनलेलं हे हाड म्हणजे आपल्या शेपटाचा उरलेला अवशेष. आईच्या पोटात साधारण पाचव्या आठवड्यात मानवी गर्भालाही छोटं शेपूट असतं, आठवा आठवडा संपेपर्यंत ते विरून जातं. माणूस, चिंपांझी, गोरिला यांच्या पूर्वजांचं शेपूट सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी गेलं. एका जनुकात घुसलेला छोटासा तुकडा त्याला कारणीभूत ठरला असावा, असं संशोधन २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं आहे.

निसर्गाचा व्यवहार एखाद्या काटेकोर दुकानदारासारखा असतो. शेपूट वाढवायचं, त्याला रक्त पुरवायचं, ते ऊबदार ठेवायचं, सांभाळायचं हा सगळा खर्च. त्या बदल्यात तोल सांभाळणं, माश्या हाकलणं, इशारा देणं, उष्णता बाहेर टाकणं ही मिळकत. जिथे मिळकत जास्त तिथे शेपूट लांब. जिथे नुसताच खर्च, तिथे पिढ्यान्‌पिढ्या ते आखडत जातं.

बिळातला संसार, आखूड शेपूट

घरोघरी दिसणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा उत्तर सीरिया आणि दक्षिण तुर्कस्तानच्या सीमेलगतच्या कोरड्या पठारांवरचा. अलेप्पोहून मिळालेल्या नमुन्यावरून जॉर्ज वॉटरहाऊस या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे १९३० मध्ये इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात नेली. त्यांतल्या जगलेल्या मोजक्या पिल्लांपासून जो वंश वाढला, तोच आज जगभरच्या पिंजऱ्यांत आहे. मूळ रानातल्या हॅमस्टरची संख्या मात्र घटत चालली आहे.

हा प्राणी दिवसभर खोल बिळात झोपतो आणि अंधार पडल्यावर दाणे गोळा करायला निघतो. झाडावर चढायचं नाही, फांदीवरून उडी मारायची नाही. म्हणजे तोल सांभाळायला लांब शेपूट कशाला हवं? उलट अरुंद बिळात ते अडचणच करणार. शिवाय तिथल्या रात्री थंड. उघडं लांब शेपूट असलं की तेवढी ऊब बाहेर जाणार. थंड मुलखातल्या प्राण्यांचे कान, पाय, शेपूट आखूड असतात, हे निरीक्षण जोएल ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये मांडलं होतं. हॅमस्टरकडे पाहिलं की ते पटतं. पंधरा-सोळा सेंटीमीटरचं अंग आणि शेपूट जेमतेम एक-दीड सेंटीमीटर.

हॅमस्टरचे प्रकार तपासले तर त्यातही फरक दिसतो. गोबी वाळवंटाकडचा रोबोरोव्स्की हा सर्वांत छोटा, अंगठ्याएवढा. त्याचं शेपूट केसांत जवळजवळ नाहीसंच होतं. सायबेरिया-मंगोलियाकडच्या बुटक्या हॅमस्टरचंही तसंच. चायनीज हॅमस्टर मात्र सडपातळ, चढण्यात तरबेज, आणि त्याचं शेपूट दोन-तीन सेंटीमीटरचं, स्पष्ट दिसणारं. म्हणून अनेकजण त्याला उंदीरच समजतात.

शेपटात जे वाचवलं ते हॅमस्टरने गालात गुंतवलं आहे. त्याच्या गालांच्या आतल्या थैल्या थेट खांद्यापर्यंत जातात. शेंगदाणे भरून घेतले की तोंड दुप्पट दिसतं. नवखा मालक घाबरतो, गालाला सूज आली म्हणून. त्याला सोळा दात असतात आणि त्यातले पुढचे चार आयुष्यभर वाढतात. कुरतडायला लाकूड नाही दिलं तर ते वाढून जबड्यात रुततात.

घाबरवणाऱ्या आणखी दोन गोष्टी. सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गडद ठिपका असतो. ती जखम नव्हे, गंधग्रंथी आहे. वयात आलेल्या नराच्या शेपटाजवळ दोन ठळक फुगवटे दिसतात. ती गाठ नव्हे, त्याचं नरपण आहे. ही माहिती नसल्याने औषधाच्या दुकानातून मलम आणून लावणारे कमी नाहीत.

उंदीर, घूस, जर्बिल: नातेवाईक एक, शेपटं अनेक

घरात पत्र्याच्या आढ्यावरून, विजेच्या तारेवरून धावणाऱ्या काळ्या उंदराचं शेपूट अंगापेक्षा लांब असतं. तारेवर त्याचा तोल तेच सांभाळतं. घूस मात्र जमीन पोखरणारी. जाडजूड अंग, आणि त्या मानाने शेपूट आखूड. घुशीला इंग्रजांनी दिलेलं 'बँडिकूट' हे नाव तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर या शब्दावरून आलं आहे. हैदराबादकडच्या वाचकांना ते ओळखीचं वाटेल.

उंदराच्या शेपटावर केस जवळजवळ नसतात. लोकांना त्याची किळस येते ती त्यामुळेच. पण तो त्याचा रेडिएटर आहे. उकाडा वाढला की शेपटातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि उष्णता बाहेर जाते. थंडीत त्याच वाहिन्या आकसतात. हॅमस्टरकडे ही सोय नाही, हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवायला हवं.

हॅमस्टरच्या शेजारच्याच पिंजऱ्यात कधीकधी जर्बिल असतो. वाळवंटी उंदरासारखा, लांब केसाळ शेपटाचा आणि टोकाला झुपका. त्याचं शेपूट धरलं तर वरची कातडी मोज्यासारखी सटकन निघून हातात येते. शत्रूच्या तावडीतून सुटण्याची ही त्याची युक्ती. मात्र ते शेपूट पुन्हा येत नाही. उघडी पडलेली हाडं वाळून गळून जातात.

भिंतीवरच्या पालीचं शेपूट तुटलं तर नवीन येतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. पालीच्या शेपटात तुटण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, मांजर त्याच्या नादी लागते आणि पाल निसटते. नवीन शेपूट मात्र अस्सल नसतं, त्यात मणक्यांऐवजी कूर्चेची कांडी असते. ही सवलत सस्तन प्राण्यांना नाही. उंदीर, हॅमस्टर, कुत्रा, बैल, यांचं एकदा गेलं ते गेलं.

गिनीपिगला तर बाहेर शेपूट दिसतच नाही, पण कातडीखाली शेपटीचे काही मणके असतातच. म्हणजे 'बिनशेपटीचा' म्हणतात त्याच्याही हाडांत शेपटाची नोंद शिल्लक आहे.

तापी-गोदावरीच्या अलीकडे आणि पलीकडे

राज्यांच्या सीमा माणसांनी आखल्या. वानरांच्या शेपटांची सीमा वेगळीच आहे. काळ्या तोंडाचं वानर चारी पायांवर चालत असताना त्याचं शेपूट पाहावं. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडचं वानर शेपूट पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने वळवून चालतं. बेळगाव, गोवा, हैदराबादकडचं वानर ते मागच्या दिशेला वळवतं. साधारणपणे तापी आणि गोदावरी या नद्यांची रेषा हा त्यांचा सीमाभाग मानला जातो.

लाल तोंडाच्या माकडांतही असाच फरक. उत्तरेकडच्या माकडाचं शेपूट अंगाच्या निम्म्याएवढंच. दक्षिणेकडच्या, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेल्या माकडाचं लांबलचक. या दोघांची हद्दही पूर्वी साधारण याच नद्यांवर मानली जायची. अलीकडे उत्तरेकडची माकडं दक्षिणेत सरकत आहेत. त्यामुळे ग्वाल्हेरचा पाहुणा सौंदत्तीच्या डोंगरावर आला तर 'आमच्याकडच्या माकडांचं शेपूट एवढं नसतं' असं म्हणू शकतो, आणि ते खरंच असेल.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. आपलं वानर शेपटाने फांदीला लटकत नाही. शेपटाने पकड घेणारी माकडं दक्षिण अमेरिकेत आहेत. आपल्या वानराला शेपूट लागतं ते उडी मारताना तोल सांभाळायला. शेकरूचंही तसंच. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी भीमाशंकरपासून दांडेलीपर्यंतच्या रानांत दिसतो. त्याचं झुपकेदार शेपूट अंगाएवढं किंवा त्याहून लांब असतं. जमिनीवर क्वचित उतरणाऱ्या या खारीचा सगळा संसार झाडाच्या शेंड्यावर, म्हणून शेपटावर एवढा खर्च.

बेळगाव जिल्ह्याच्या नावावर तर एक जगावेगळं शेपूट आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात बारापेडे गुहा आहेत. तिथे सापडलेल्या वटवाघळाचं वर्णन ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये केलं आणि वनाधिकारी रॉटन यांचं नाव त्याला दिलं. किडे खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांचं शेपूट मागच्या दोन पायांमधल्या पडद्यात गुंडाळलेलं असतं. या जातीचं मात्र पडद्याच्या बाहेर मोकळं येतं. अनेक वर्षं हे वटवाघूळ जगात फक्त या गुहांतूनच माहीत होतं, पुढे मेघालय आणि कंबोडियातही ते आढळलं. वड-पिंपळावर उलटी लटकणारी, फळं खाणारी मोठी वटवाघळं पाहिली तर त्यांना शेपूटच नसतं. उडत्या किड्यामागे गिरक्या घेणाऱ्याला शेपटाचा पडदा उपयोगी, फळाला तो काय कामाचा?

बोलणारं शेपूट, पिरगाळलं जाणारं शेपूट

'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच', 'हत्ती गेला आणि शेपूट राहिलं', 'शेपूट घालून पळणं', 'मारुतीच्या शेपटासारखं लांबत जाणं'. आपल्या भाषेत शेपूट जागोजागी आहे. जुन्या माणसांनी जनावरांचं निरीक्षण किती बारकाईने केलं होतं, ते यावरून दिसतं. कुत्रा खरंच घाबरला की शेपूट पायांत घालतो. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली. मालक दिसला की कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकून हलतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा समोर आला की डावीकडे. म्हणजे नुसतं हललं म्हणून आनंदच असेल असं नाही.

मुधोळ जातीच्या कुत्र्याचं निमुळतं लांब शेपूट बघा. सशामागे भरधाव धावताना एकदम वळायचं तर शेपूट सुकाणूचं काम करतं. डॉबरमन, रॉटवायलर यांची पिल्लं मात्र अनेकदा शेपूट छाटूनच विकली जातात. 'जातच तशी आहे' असं गिऱ्हाईकाला सांगितलं जातं. ते खरं नाही. या कुत्र्यांनाही जन्मतः पुरेपूर शेपूट असतं. दिसण्यासाठी ते छाटलं की कुत्र्याचा तोलही जातो आणि भाषाही.

बैलाची गोष्ट याहून जवळची. गोचीड, माश्या, डास यांच्यावर जनावराचं एकमेव हत्यार म्हणजे शेपटीचा गोंडा. गाडीला ओझं जास्त झालं, चढ आला, बैल थांबला की काहीजण शेपटी पिरगाळतात, दाताने चावतात. बैल उठतो, धावतो. पण तो जोमाने नव्हे, वेदनेने धावतो. वारंवार पिरगाळलेल्या शेपटीचे मणके मोडतात, तिथे कायमचा बाक येतो, शेपटी हलेनाशी होते आणि मग माश्या सुखाने बसतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या खेळांवर बंदी घातली, त्या निकालात शेपटी पिरगाळण्याचा आणि चावण्याचा स्पष्ट उल्लेख होता. पुढे तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने कायदे बदलले आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने ते वैध ठरवले. शर्यती पुन्हा सुरू झाल्या. मात्र जनावराचा छळ करण्याची मोकळीक त्यातून कुणालाही मिळालेली नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे.

बाजारात बैल पारखताना जाणकार शेतकरी शेपटीवरून हात फिरवतो. सरळ, गाठ नसलेली शेपटी म्हणजे बैल मारून-झोडून चालवलेला नाही. जिथे गाठ लागते, तिथे आधीच्या मालकाची वागणूक लिहिलेली असते.

घरात हॅमस्टर असेल तर

पहिली गोष्ट, शेपटीला धरून उचलू नका. धरायला तिथे काही नाही, आणि धरलंच तर कण्याला इजा होते. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून खालून उचला. झोपेतून एकदम उठवलं तर चावतो, कारण त्याची नजर अधू असते आणि जग तो वासावरून ओळखतो. आधी हाताचा वास घेऊ द्या.

दुसरी, शेपटीखाली रोज नजर टाका. तो भाग ओला, चिकट, दुर्गंधीयुक्त दिसला आणि प्राणी कुबड काढून गप्प बसला असेल, तर ती 'ओली शेपटी' असू शकते. हा आतड्यांचा जिवाणूजन्य आजार आहे. तीन ते दहा आठवड्यांच्या पिल्लांना, विशेषतः नुकतंच दुकानातून घरी आणलेल्यांना तो जास्त होतो. एक-दोन दिवसांत पिल्लू दगावू शकतं. त्यामुळे 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. घरातलं लहान मुलांचं अँटिबायोटिक पाजण्याचा मोह टाळा. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन या गटातली औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्यातच तो मरू शकतो.

तिसरी गोष्ट हवामानाची, आणि ती गावागणिक बदलते. बेळगावची हवा हॅमस्टरला बऱ्यापैकी मानवते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, हैदराबादच्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र त्याचा जीव धोक्यात असतो. घाम येत नाही, उष्णता टाकायला उंदरासारखं लांब शेपूट नाही, आणि बिळाऐवजी पत्र्याचा किंवा काचेचा पिंजरा. वीस ते चोवीस अंश त्याला सोयीचे. पारा तिशीपार गेला की पिंजरा खिडकीपासून हलवून घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवा. पाण्याने आंघोळ घालू नका. गोव्यासारख्या दमट हवेत खालचा भुसा ओला राहू देऊ नका.

ग्वाल्हेरच्या थंडीत उलटा प्रकार होतो. पहाटे तापमान पाच अंशांच्या आसपास उतरलं की हॅमस्टर गार पडतो, अंग आखडतं, श्वास इतका मंद होतो की दिसत नाही. मेला समजून त्याला पुरणारेही आहेत. अनेकदा तो मेलेला नसतो, थंडीची गाढ सुप्ती लागलेली असते. हाताच्या उबेत, कोरड्या फडक्यात, ऊबदार खोलीत अर्धा-पाऊण तास धरा. मिशा हलल्या, श्वास दिसला की समजा तो परत आलाय. हीटरसमोर एकदम ठेवू नका. शुद्धीवर आला की पाणी, दाणे द्या आणि पशुवैद्याला दाखवा.

चौथी, दुकानदार 'जोडी घ्या, एकटा कंटाळेल' म्हणाला तरी सोनेरी हॅमस्टर एकटाच घ्या. तो एकलकोंडा प्राणी आहे. वयात आलेले दोघे एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांना जिवानिशी मारतात. नर-मादी असतील तर सोळा दिवसांत पिल्लांची रांग लागते आणि मग ती कुणाच्या गळ्यात मारायची हा प्रश्न उरतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानाला २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. खरेदीआधी तो कागद बघायला मागा.

आणि घ्यायच्या आधी पिल्लाला पाठमोरं फिरवून बघा. शेपटाखालचा भाग कोरडा, स्वच्छ, केस मोकळे असतील तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही. ओला असेल तर त्याच पिंजऱ्यातलं दुसरं पिल्लूही घेऊ नका.